पुण्यात राहून बंगालीत लिहिलेले आयुष्य : शरदिंदू बंद्योपाध्याय

१९९३ साली दूरदर्शनवर व्योमकेश बक्षीची मालिका सुरू झाली, तेव्हा आज परदेशात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी अनेकजण शाळा-कॉलेजात होते. बासू चटर्जी यांचे दिग्दर्शन, धोतर नेसलेला शांत, मिस्किल रजित कपूर, त्याच्या सोबतीला के. के. रैना यांचा अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी. त्या मालिकेने एक बंगाली सत्यशोधक मराठी घरांत आणून बसवला. मात्र त्या व्योमकेशचा जनक आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे पुण्यात राहत होता, आणि त्याच्या हातून उतरलेल्या उत्तम साहित्याचा मोठा भाग पुण्यातच लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे, आजोळी झाला. बालपण गेले बिहारमध्ये. वकिली केली मुंगेरला, चित्रपटकथा लिहिल्या मुंबईत आणि स्थायिक झाले पुण्यात. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात बंगालमध्ये त्यांचे वास्तव्य झाले ते मुख्यतः कलकत्त्यातील महाविद्यालयीन शिक्षणाच्या काळात. असे असूनही बंगाली रहस्यकथा आणि बंगाली ऐतिहासिक कादंबरी या दोन्ही प्रांतांत त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. मायबोलीच्या भूमीपासून दूर राहणाऱ्या माणसाने त्या भाषेत आयुष्यभर सकस लिहावे, हे कसे साधते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लेखनजीवनात शोधण्यासारखे आहे.

मुंगेरचा वकील

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी मंडळींना जसा बृहन्महाराष्ट्र, तसा बिहार आणि संयुक्त प्रांतातील बंगाल्यांना त्यांचा ‘प्रवासी’ समाज. इंग्रजी अमदानीत वकील, डॉक्टर, शिक्षक, रेल्वेतील कारकून अशी बंगाली कुटुंबे गंगेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे पसरली. त्यांनी ग्रंथालये काढली, नाटके बसवली, दुर्गापूजा सुरू केल्या. ‘प्रवासी’ याच नावाचे नामांकित बंगाली मासिक १९०१ साली अलाहाबादेत जन्माला आले, ही गोष्ट त्या समाजाच्या भाषाप्रेमाची साक्ष देते. शरदिंदूंचे वडील ताराभूषण हे अशाच कुटुंबातले वकील होते.

१९१५ मध्ये मुंगेरहून मॅट्रिक झाल्यावर शरदिंदू कलकत्त्यास विद्यासागर महाविद्यालयात गेले आणि १९१९ मध्ये पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांचा पहिला कवितासंग्रह छापला गेला. पुढे पाटण्यास कायद्याचा अभ्यास झाला. १९२६ साली परीक्षा उत्तीर्ण होऊन ते वडिलांच्या हाताखाली वकिली करू लागले. तीन वर्षांतच, १९२९ मध्ये, त्यांनी ती सोडली आणि केवळ लेखणीवर जगायचे ठरवले.

हा निर्णय त्या काळी किती धाडसाचा होता, हे सांगायला नको. बंगाली मासिकांची संख्या मोठी असली तरी मानधन बेताचे असे. घरात चालत आलेला, प्रतिष्ठेचा व्यवसाय हाताशी असताना तो बाजूला सारून मुंगेरसारख्या गावातून कलकत्त्याच्या संपादकांकडे टपालाने गोष्टी पाठवायच्या आणि त्यांवर संसार करायचा, असा हा व्यवहार होता. वकिलीची ती तीन वर्षे मात्र वाया गेली नाहीत. मृत्युपत्रे, वारसाहक्क, दत्तकविधान, विम्याचे पैसे, भाऊबंदकी यांचे जे बारीक ज्ञान त्यांच्या रहस्यकथांत जागोजागी दिसते, त्याची ओळख न्यायालयातील कागदपत्रांशी रोज गाठ पडणाऱ्या माणसालाच असते.

सत्याचा शोध घेणारा

व्योमकेश बक्षीची पहिली कथा, ‘पथेर काँटा’, १९३२ साली लिहिली गेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर ग्रामोफोनची पिन वापरून होणारे खून हा तिचा विषय. दुसरी कथा लिहून झाल्यावर या पात्रावर मालिका उभी करण्याचा विचार पक्का झाला आणि मग त्यांनी व्योमकेश व अजित यांची पहिली भेट सांगणारी ‘सत्यान्वेषी’ ही कथा लिहिली. लिहिण्याच्या क्रमाने ती तिसरी असली तरी वाचनाच्या क्रमाने आता ती पहिली मानली जाते.

त्या वेळी बंगालीत गुप्तहेरकथांची वाण नव्हती. पण त्यातल्या बऱ्याचशा इंग्रजीवरून बेतलेल्या असत आणि साहित्याच्या पंक्तीत त्यांना पाट मिळत नसे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी वेष चढवला, त्या परंपरेची आठवण यावी असाच तो प्रकार. शरदिंदूंना रूपांतराचे वावडे नव्हते. ‘प्रिझनर ऑफ झेंडा’ या इंग्रजी कादंबरीवरून त्यांनी ‘झिंदेर बंदी’ लिहिली आणि मूळ कादंबरीच्या नावाचा ध्वनी शीर्षकातच ठेवून ऋण मोकळेपणाने मान्य केले. व्योमकेशच्या बाबतीत मात्र त्यांनी निराळी वाट धरली. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची जोडी समोर होती, हे उघड आहे. पण व्योमकेश हा कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर भाड्याच्या घरात राहणारा, चहा-सिगारेट आणि वर्तमानपत्रातील जाहिराती यांत रमणारा मध्यमवर्गीय बंगाली आहे. स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेणे त्याला रुचत नाही. तो स्वतःस सत्यान्वेषी म्हणवतो. एका प्रकरणात भेटलेल्या सत्यवतीच्या तो प्रेमात पडतो, लग्न करतो, बाप होतो. होम्सच्या जगात ज्याला जागा नव्हती तो संसार व्योमकेशच्या कथांत आहे आणि वाचकाला ही माणसे आपली वाटतात ती त्यामुळेच.

शरदिंदूंच्या कथांतील गुन्हा समाजाच्या पोटातून येतो. एकत्र कुटुंबातील वारसाचे तंटे, झाकलेली अनैतिकता, पैशाचा लोभ, युद्धाने सैल केलेली नीती हे त्यांचे विषय. ‘आदिम रिपू’ या कथेच्या मागे १९४६ च्या दंगलींनी होरपळलेले कलकत्ता आहे आणि तिचा शेवट स्वातंत्र्याच्या आगमनाशी येऊन भिडतो. ‘अमृतेर मृत्यू’मध्ये महायुद्धानंतर मागे राहिलेली शस्त्रे आहेत. या कथा कालक्रमाने वाचल्या तर १९३० ते १९७० या चाळीस वर्षांतील बंगाली मध्यमवर्गाचा इतिहास नकळत हाती येतो.

भुतांच्या गोष्टींसाठी त्यांनी वरदा नावाचा आणखी एक नायक घडवला होता. मुंगेरच्या पार्श्वभूमीवरील एका कथेत त्यांनी तर्कनिष्ठ व्योमकेश आणि भूतप्रेतांवर श्रद्धा असलेला वरदा यांना समोरासमोर आणले. ही कथा १९३६ मधली. तोवर व्योमकेशच्या दहा कथा झाल्या होत्या. नंतर पंधरा वर्षे त्याची एकही कथा आली नाही.

मालाडच्या स्टुडिओत

१९३८ साली हिमांशू राय यांनी शरदिंदूंना मुंबईस बोलावले. मालाडला बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ तेव्हा भरात होता. देविका राणी, अशोक कुमार यांची नावे घरोघरी पोहोचली होती. राय यांना चांगल्या कथा हव्या होत्या आणि शरदिंदूंना नियमित उत्पन्न. ‘भाभी’, ‘वचन’, ‘दुर्गा’ हे १९३८-३९ मधील चित्रपट त्यांच्या कथा-पटकथांवर उभे राहिले. १९४० मध्ये हिमांशू राय निवर्तले आणि स्टुडिओत फाटाफूट सुरू झाली. शरदिंदू पुढे अन्य निर्मात्यांसाठी लिहीत राहिले. एकंदर चौदा वर्षे चित्रपटसृष्टीने त्यांना पोसले.

या काळाची किंमत एका कादंबरीच्या कहाणीवरून कळते. ‘कालेर मंदिरा’ त्यांनी १९३८ मध्ये मुंगेरला लिहावयास घेतली होती. मुंबईची नोकरी आली आणि हस्तलिखित बाजूला पडले. अधूनमधून थोडेथोडे लिहीत ते पुरे व्हायला दहा वर्षे लागली. दिवसा निर्मात्याच्या गरजेनुसार हिंदी पडद्यासाठी कथा रचायची आणि उरल्या वेळात गुप्तकाळातील बंगाली कादंबरी पुढे ढकलायची, असे हे दुहेरी जगणे. दिवसभर परक्या भाषेत काम करून रात्री मराठीत चार ओळी लिहू पाहणाऱ्या आपल्या वाचकांना ही ओढाताण नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

पटकथालेखनाने त्यांना काही दिलेही. प्रसंग कोठे सुरू करावा आणि कोठे तोडावा, संवाद किती आखूड ठेवावा, वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र कसे उभे करावे, ही शिस्त त्यांच्या उत्तरकालीन लेखनात स्पष्ट जाणवते. भाषाही बदलली. व्योमकेशच्या आरंभीच्या कथा ‘साधू’ म्हणजे ग्रांथिक बंगालीत होत्या. पुढच्या कथा बोलीच्या जवळ जाणाऱ्या ‘चलित’ बंगालीत आल्या.

१९५१ च्या सुमारास ते कलकत्त्यास गेले असताना एका परिचिताच्या घरच्या मुलांनी त्यांना व्योमकेश पुन्हा का येत नाही, असे विचारले. जुन्या कथा नवी पिढीही वाचते आहे, हे त्यांना तेव्हा उमगले. त्यातून ‘चित्रचोर’ लिहिली गेली. १९५२ साली त्यांनी चित्रपटाचा व्यवसाय सोडला आणि पुण्यास बिऱ्हाड केले. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते.

पुणे : दुसरा डाव

कलकत्त्यास परतणे त्यांना अशक्य नव्हते. प्रकाशक तेथे होते, वाचक तेथे होते. तरीही त्यांनी पुण्याची हवा आणि निवांतपणा पसंत केला. येथून बंगाली हस्तलिखिते टपालाने कलकत्त्यास जात आणि पूजा-अंकांची निमंत्रणे उलट टपालाने येत. दुर्गापूजेच्या सुमारास निघणारे हे अंक म्हणजे बंगाल्यांचे दिवाळी अंकच.

व्योमकेशच्या एकूण बत्तीस पूर्ण कथांपैकी बावीस या दुसऱ्या डावातील आहेत. ‘दुर्गरहस्य’ त्यांच्यापैकी विशेष. संथाळ परगण्यातील एक पडका किल्ला, १८५७ च्या धामधुमीत दडवलेली कुटुंबाची संपत्ती आणि त्या किल्ल्याच्या आसऱ्याने नांदणाऱ्या आजच्या पिढीतील वैर, अशी तिची मांडणी आहे. इतिहास आणि रहस्य या त्यांच्या दोन आवडी येथे एकाच वास्तूत राहावयास आल्या आहेत. जुना दस्तऐवज वाचणारा इतिहासकार आणि खुणांवरून माग काढणारा शोधक यांचे काम मुळात एकच, हे त्यांनी ओळखले होते.

‘शैलरहस्य’ तर थेट आपल्या मुलखात घडते. व्योमकेश ऐन हिवाळ्यात महाबळेश्वरला जातो आणि ओस पडलेल्या हॉटेलात त्याला जो अनुभव येतो तो पत्रातून अजितला कळवतो. हंगाम नसतानाचे थंडीतले महाबळेश्वर बंगाली वाचकाने प्रथम पाहिले असेल ते बहुधा या कथेत.

त्यांची आणखी एक गोष्ट लक्षात राहते. मालिकेच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी अजितकडून निवेदन काढून घेतले आणि कथा तृतीयपुरुषी केल्या. यशस्वी ठरलेला साचा साठी उलटल्यावर मोडण्याची तयारी फार थोड्या लोकप्रिय लेखकांत असते.

हरवलेल्या राज्यांचा कादंबरीकार

शरदिंदूंना स्वतःला ऐतिहासिक लेखन अधिक प्रिय होते. आरंभीच्या ‘जातिस्मर’ कथांत त्यांनी पूर्वजन्म आठवणारा एक रेल्वेतील कारकून कल्पिला आणि त्याच्या स्मृतींतून मौर्य-गुप्त काळापासून आदिमानवापर्यंत मजल मारली. पुढे पाच ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या : ‘कालेर मंदिरा’ (१९५१), ‘गौडमल्लार’ (१९५४), ‘तुमि संध्यार मेघ’ (१९५८), ‘कुमारसंभवेर कवि’ (१९६३) आणि ‘तुंगभद्रार तीरे’ (१९६५).

‘गौडमल्लार’ सातव्या शतकातील बंगालची कथा आहे. राजा शशांकाच्या मृत्यूनंतर तेथे मत्स्यन्याय माजला, मोठा मासा लहान माशाला गिळू लागला, समुद्रावरचा व्यापार बसला. उसाच्या मळ्यांचे आणि गुळाचे एक लहानसे गाव डोळ्यांसमोर ठेवून शरदिंदू या पडझडीकडे पाहतात. राजवाड्यातील उलथापालथ खेड्यातल्या माणसाच्या ताटापर्यंत कशी पोहोचते, हे त्यांना सांगायचे आहे. ‘तुमि संध्यार मेघ’मध्ये अकराव्या शतकातील पाल राजे आणि त्रिपुरीचा कलचुरी राजा लक्ष्मीकर्ण यांचे वैर आहे. उत्तरेकडून आक्रमणाचे ढग जमत असताना शेजारचे राजे आपसांत झुंजत होते, ही खंत त्या कादंबरीच्या तळाशी आहे.

‘कालेर मंदिरा’चा विषय आपल्यासारख्यांना अधिक जवळचा. स्कंदगुप्ताच्या काळात हूणांनी जिंकलेले एक लहान राज्य तिच्यात आहे. जिंकणारे रानटी, परके. पण पंचवीस वर्षे लोटतात, हूण राजा बुद्धाला शरण जातो, त्याची मुलगी याच मातीची होऊन वाढते. परका कोण आणि येथला कोण, हा प्रश्न एका पिढीत किती अवघड होऊन बसतो, हे शरदिंदूंनी कोणतीही बाजू न घेता दाखवले. स्वतः तीन प्रांतांत परका म्हणून राहिलेल्या माणसाची समज त्यामागे आहे.

‘तुंगभद्रार तीरे’ दक्षिणेत घडते. विजयनगरचा दुसरा देवराय, त्याच्याशी विवाह व्हावा म्हणून नौकांतून निघालेली कलिंगाची राजकन्या आणि बहमनींच्या गुलबर्ग्याहून जिवानिशी पळून आलेला तरुण अर्जुनवर्मा यांची ही कथा. विजयनगरच्या बाजारपेठा, राजमार्ग, उत्सव यांची वर्णने अभ्यासाशिवाय साधणारी नव्हेत. पण अभ्यासाचे ओझे कथेवर कोठेही पडलेले दिसत नाही. या कादंबरीस १९६७ मध्ये पश्चिम बंगालचा रवींद्र पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी उत्तमकुमारला व्योमकेश करून ‘चिडियाखाना’ पडद्यावर आणला.

बारगिरांच्या देशातला सदाशिव

मराठी वाचकांनी शरदिंदूंचे ऋण विशेष मानावे असे एक काम उरते. बंगालमध्ये मराठ्यांची आठवण दोन प्रकारची आहे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तेथे ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांतील लुटीची दहशत इतकी खोल गेली की ‘बर्गी’ म्हणजे बारगीर हा शब्द लहान मुलांना झोपवण्याच्या गाण्यात जाऊन बसला. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिवाजी महाराज बंगाली सुशिक्षितांचे आराध्य बनले. रमेशचंद्र दत्तांनी त्यांच्यावर कादंबरी लिहिली, रवींद्रनाथांनी कविता केली, देवघरच्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देऊस्करांनी बंगाली लेखक म्हणून शिवाजी उत्सवाचा पुरस्कार केला आणि जदुनाथ सरकारांनी चरित्र सिद्ध केले. मात्र या साऱ्यांत शिवराय दूरचे, उंचावरचे राहिले.

पुण्यात राहू लागलेल्या शरदिंदूंनी मुलांसाठी सदाशिवाच्या गोष्टी लिहिल्या. सदाशिव हा खेड्यातला अनाथ पोर. गावाने बाहेर काढलेला हा मुलगा शिवरायांच्या सैन्यात दाखल होतो आणि धाडस व हजरजबाबीपणा यांच्या बळावर मोठ्यांना न जमणारी कामे करून दाखवतो. आदिकांड, अग्निकांड, दौडादौडीकांड अशी या गोष्टींची रामायणी थाटाची गमतीदार नावे आहेत. शिवराय त्यांत वावरतात ते हसणारे, पारख करणारे, पोराच्या पाठीवर हात ठेवणारे धनी म्हणून. मावळातले डोंगर, घोडी, भाकरी, गडावरची चौकी या गोष्टी कलकत्त्याच्या मुलांना परिचयाच्या झाल्या त्या अशा. ज्या प्रांतात घोड्यांच्या टापांच्या आठवणीने मुले निजवली जात, तेथल्या मुलांचा एक लाडका नायक मराठी शिलेदार व्हावा, ही साधी घटना नव्हे. शेजारी राहून, रोजचा सहवास घडून जी आपुलकी निर्माण होते, तीच येथे कथेत उतरली.

मराठी साहित्यजगताने मात्र आपल्याच शहरात बसून लिहिणाऱ्या या माणसाची पुरेशी दखल घेतली, असे म्हणवत नाही. व्योमकेशच्या कथा आज मराठी अनुवादात मिळतात. सदाशिव मात्र मराठी मुलांना आजही जवळजवळ अनोळखी आहे. त्याला त्याच्या मूळच्या बोलीत आणण्याचे काम दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीतरी मनावर घ्यावयास हवे. परदेशातल्या मराठी शाळांतून शिवकालावर वाचावयास काय द्यावे, असा प्रश्न दरवर्षी निघतो. त्याचे एक उत्तर बंगालीत तयार होऊन पडले आहे.

२२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदूंचे निधन झाले. व्योमकेशची तेहतिसावी कथा, ‘विशुपालवध’, तेव्हा लिहून चालली होती. ती अपुरी राहिली आणि खुनी कोण, हे लेखकाने कागदावर आणलेच नाही. पुढे तिचे वाचक तर्क लढवीत राहिले. वयाच्या तिसाव्या वर्षी वकिली सोडून पत्करलेले काम या माणसाने एकाहत्तराव्या वर्षी, आपल्या भाषेपासून शेकडो मैलांवर, तसेच चालू ठेवले होते.